लंडनचं नॅशनल थिएटर: तिकीट नसलेल्यांचंही नाट्यगृह (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लंडनला जाणारी नाटकवेडी मंडळी या इमारतीबद्दल हमखास काही ना काही विचारतात. कुणाला तिथलं काँक्रीट खटकतं, कुणी फिरत्या रंगमंचाबद्दल ऐकलेलं असतं, आणि बऱ्याच जणांना तिकीट नसताना आत सोडतात का एवढंच जाणून घ्यायचं असतं. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एका ठिकाणी. मला ही इमारत मनापासून आवडते, हे आधीच सांगून ठेवतो.

इमारत कुठे आहे आणि आत काय काय आहे?

थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, वॉटर्लू पुलाला अगदी लागून. वॉटर्लू स्टेशनवरून चालत जाता येतं. आत तीन प्रेक्षागृहं आहेत: ऑलिव्हिए, लिटल्टन आणि डॉर्फमन. डॉर्फमनचं मूळ नाव कॉटस्लो. शिवाय तालमीच्या खोल्या, सुतारकामाचे आणि रंगकामाचे कारखाने, कपडेपट, पुस्तकांचं दुकान, खाण्यापिण्याच्या जागा, आणि या सगळ्याला कवेत घेणारी ऐसपैस मोकळी दालनं. नाट्यगृहात आपण ज्याला लॉबी म्हणतो ती ही दालनं. माझ्या मते इमारतीचा जीव तिथे आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

आधी नाटक मंडळी की आधी इमारत?

आधी नुसतं स्वप्न, आणि तेही फार जुनं. इंग्लंडला स्वतःचं राष्ट्रीय नाट्यगृह हवं, ही मागणी १८४८ मध्ये एफिंगहॅम विल्सन नावाच्या प्रकाशकाने पुस्तिका काढून केली होती. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. १९५१ मध्ये कोनशिला बसली, पण इमारत काही उभी राहिली नाही. जागा बदलली, योजना बदलल्या, आणि ती शिलाही मूळ जागेवरून हलवावी लागली.

मंडळी सुरू झाली १९६३ मध्ये, विख्यात नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखाली, ओल्ड व्हिक या जुन्या नाट्यगृहात. पहिला प्रयोग ‘हॅम्लेट’चा होता आणि पीटर ओटूल मुख्य भूमिकेत होते. त्याच वर्षी नव्या इमारतीसाठी वास्तुरचनाकार नेमले गेले. बांधकाम १९६९ मध्ये सुरू झालं आणि रेंगाळत गेलं. ऑलिव्हिए यांच्यानंतर १९७३ मध्ये दिग्दर्शक पीटर हॉल मंडळीचे प्रमुख झाले. सगळी इमारत पुरी होण्याची वाट न बघता, जो भाग तयार होईल तो उघडायचा, असं त्यांनी ठरवलं. लिटल्टन मार्च १९७६ मध्ये उघडलं. ऑलिव्हिए त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि २५ ऑक्टोबरला राणीच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. कॉटस्लो मार्च १९७७ मध्ये उघडलं.

म्हणजे मंडळीने तेरा वर्षं दुसऱ्याच्या घरात संसार केला.

वास्तुरचनाकार कोण होते?

डेनिस लॅस्डन (१९१४–२००१). रीजंट्स पार्कजवळचं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठातली पायऱ्यापायऱ्यांची वसतिगृहं ही त्यांचीच कामं. नॅशनल थिएटर उघडल्यानंतरच्या वर्षी, १९७७ मध्ये, त्यांना ब्रिटिश वास्तुरचनेतलं रॉयल गोल्ड मेडल मिळालं.

ही वास्तू बाहेरून नाट्यगृहासारखी का दिसत नाही?

नाट्यगृह कसं दिसावं, याचं आपल्या मनातलं चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे: खांब, नक्षी, मधोमध दिमाखदार दरवाजा. लॅस्डन यांनी दर्शनी भाग ही कल्पनाच बाजूला ठेवली. त्यांनी एकावर एक आडवे थर रचले आणि काँक्रीटच्या लांबलचक गच्च्या नदीच्या बाजूला पुढे काढल्या. नदीकाठच्या डोंगरात खडकाचे थर उघडे पडलेले दिसतात, तशी ही रचना आहे, आणि ‘थर’ हा लॅस्डन यांचा आवडता शब्दही होता. त्या थरांमधून दोन उंच काँक्रीटचे चौकोनी मनोरे वर येतात. पडदे आणि नेपथ्य वर खेचून घेण्यासाठी रंगमंचाच्या डोक्यावर जी उंच पोकळी लागते, तेच हे फ्लाय टॉवर. इतर ठिकाणी ते सजावटीमागे दडवतात. इथे ते अंगावर काही न पांघरता उभे आहेत, आणि आत नाटक होतं हे सांगायला मला तेवढे पुरेसे वाटतात.

आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष चालल्याशिवाय लक्षात येत नाही. या गच्च्या म्हणजे रस्ता आहे. वॉटर्लू पुलावरून थेट गच्चीवर उतरता येतं, तिथून जिन्याने खाली नदीकाठी, तिथून आत, आत वरच्या मजल्यावर आणि पुन्हा बाहेरच्या गच्चीवर. शहर कुठे संपलं आणि नाट्यगृह कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

काँक्रीट असं उघडं का? गिलावा, रंग करायचा राहून गेला का?

नाही. हे ठरवून आणि फार मेहनतीने केलेलं आहे. काँक्रीट ओतण्याआधी लाकडी फळ्यांचं शटरिंग उभं करतात, हे बांधकाम पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. एरवी त्या फळ्या कशाही असल्या तरी चालतं, कारण वर गिलावा येणार असतो. इथे गिलावा येणारच नव्हता. म्हणून डग्लस फर लाकडाच्या करवतीने कापलेल्या फळ्या वापरल्या आणि त्यांच्या रेषा, गाठी, सांधे काँक्रीटवर जसेच्या तसे उमटू दिले. भिंतीजवळ जाऊन हात फिरवा. दगडासारख्या थंड पृष्ठभागावर लाकडाचा पोत बोटांना लागतो. शटरिंग करणाऱ्या सुतारांच्या कामाचा ठसाच आहे तो, आणि पन्नास वर्षांनंतरही तो शाबूत आहे.

खाली बसून वर पाहिलंत तर छताला तिरप्या चौकटींची जाळी दिसेल. तीही अशीच ओतलेली आहे. छत पेलणारी रचना आणि छताची शोभा या तिथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

पावसाळी दिवशी बाहेरच्या भिंतींवर ओघळ दिसतात आणि इमारत उदास वाटते, हा आक्षेप मला मान्य आहे. लंडनमध्ये पावसाळी दिवस कमी नसतात. पण संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच भिंतींवर पडतं, किंवा रात्री फ्लाय टॉवरवर रंगीत प्रकाश सोडतात, तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा एकदा बघा.

‘अणुवीज केंद्र’ असं कुणी म्हटलं होतं का?

हो. १९८८ मध्ये, तेव्हा युवराज असलेल्या चार्ल्स यांनी. कुणाची हरकत न घेता लंडनच्या मध्यात अणुवीज केंद्र उभारण्याची ही चतुर युक्ती आहे, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य गाजलं आणि इमारतीला कायमचं चिकटलं. दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. राजकवी जॉन बेचमन जुन्या व्हिक्टोरियन वास्तूंच्या रक्षणासाठी आयुष्यभर झगडले होते. अशा माणसाने, बांधकाम चालू असतानाच, या वास्तूने आपण हरखून गेलो असं लॅस्डन यांना पत्राने कळवलं. लंडनच्या सर्वांत आवडत्या आणि सर्वांत नावडत्या इमारतींच्या जनमत-चाचण्यांमध्ये ही एकाच वेळी दोन्ही याद्यांत पहिल्या दहांत आलेली आहे. १९९४ मध्ये तिला संरक्षित वास्तूंच्या यादीत ‘दुसरी श्रेणी, तारांकित’ असा दर्जा मिळाला. उघडून अठरा वर्षं झालेल्या इमारतीसाठी हे विशेषच.

‘ब्रुटालिझम’ म्हणजे क्रूर वास्तुरचना का?

नाही. अशा उघड्या काँक्रीटच्या वास्तुशैलीचं हे नाव. शब्दाचं मूळ फ्रेंच ‘बेताँ ब्र्यूत’मध्ये आहे. अर्थ, कच्चं, न सजवलेलं काँक्रीट. क्रौर्याशी त्याचा संबंध नाही.

तिन्ही प्रेक्षागृहांत फरक काय?

ऑलिव्हिए सर्वांत मोठं, साधारण १,१५० खुर्च्यांचं. ग्रीसमधल्या एपिडॉरस इथल्या प्राचीन खुल्या नाट्यगृहावरून त्याची प्रेरणा घेतली आहे. रंगमंचाला चौकट नाही, आणि प्रेक्षक त्याच्यासमोर पंख्यासारखे पसरलेले. मधोमध उभ्या असलेल्या नटाला मान फार न वळवता सगळा प्रेक्षकवर्ग नजरेत घेता यावा, हा त्यामागचा विचार. खास बॉक्स नाहीत, मानाचे सज्जे नाहीत. तिकिटांचे दर वेगवेगळे असले तरी माणसं एकाच उतरत्या मैदानात बसल्यासारखी वाटतात.

लिटल्टन आपल्या ओळखीचं: समोर कमान, तिच्यामागे रंगमंच. सुमारे ८९० खुर्च्या. मंडळीच्या पहिल्या अध्यक्षांचं नाव त्याला दिलं आहे.

तिसऱ्याची गोष्ट मला सर्वांत आवडते. पैशांच्या ओढाताणीत ही जागा नुसती रिकामी पोकळी म्हणून राहिली होती. नंतर तिच्या आतल्या रचनेचं काम इयान मॅकिंटॉश यांनी केलं. त्यांनी जुन्या इंग्रजी सरायांच्या चौकासारखी मांडणी केली: तीन बाजूंना सज्जे आणि मधली जमीन पूर्ण मोकळी. खुर्च्या हव्या तशा हलवा, नाहीतर काढूनच टाका. लॅस्डन यांच्या भव्य आराखड्यातला हा जवळजवळ विसरलेला कोपरा पुढे नटांना सर्वांत लाडका झाला. २०१४ मध्ये नव्या रूपात उघडल्यावर त्याचं नाव देणगीदार लॉइड डॉर्फमन यांच्यावरून बदललं.

ऑलिव्हिएचा फिरता रंगमंच इतका प्रसिद्ध का?

कारण तिथे नुसती तबकडी फिरत नाही. रंगमंचाखाली आठ मीटर खोल गेलेला, पाच मजली उंचीचा एक अजस्र दंडगोल आहे. त्यात दोन फलाट आहेत, प्रत्येकी दहा टन वजन पेलणारे. एक फलाट वर प्रेक्षकांसमोर असताना दुसरा खाली पुढच्या प्रवेशाचं नेपथ्य घेऊन तयार राहतो. मग दंडगोल फिरतो, एक घर जमिनीत जातं आणि दुसरं वर येतं. हे सगळं एक माणूस चालवतो.

ही यंत्रणा काळाच्या पुढची होती, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ती पूर्णपणे कामाला लागायला जवळजवळ दहा वर्षं गेली, आणि तोवर तिच्यावर भरपूर टीका झाली.

ऑलिव्हिएमध्ये नटाचा आवाज नीट पोचत नाही, हे खरं का?

नटांची ती तक्रार जुनी आहे. पंख्यासारखं पसरलेलं रुंद सभागृह डोळ्यांना जेवढं सुखावतं तेवढं कानांना नाही. ध्वनिवर्धनाची मदत नंतर घ्यावी लागली. एपिडॉरसला छत नाही आणि इथे आहे. नुसता आकार उचलल्याने आवाज सोबत येत नाही, हे इथे शिकायला मिळतं.

तिकीट नसेल तर आत जाता येतं का?

येतं, आणि जरूर जा. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

लंडनच्या जुन्या नाट्यगृहांत माणसांची वर्गवारी दारातच व्हायची. महागड्या खुर्च्यांचे लोक समोरच्या सजवलेल्या दारातून येत. सर्वांत वरच्या स्वस्त गॅलरीचे लोक बाजूच्या गल्लीतल्या वेगळ्या दारातून, वेगळ्या जिन्याने चढत. नाटक एकच, पण दोघं एकमेकांच्या नजरेलाही पडत नसत. त्या इमारती आजही उभ्या आहेत आणि ती बाजूची दारंही दिसतात.

लॅस्डन यांनी हे मोडून काढलं. सगळ्यांसाठी दालन एकच. दालन म्हणणंही कमीच आहे, कारण ते मजल्यामजल्यांवर पसरलेलं आहे, जिन्यांनी जोडलेलं आहे आणि मोठ्या काचांमधून नदीकडे उघडतं. खालून वरची माणसं दिसतात, वरून खालची, आणि काचेपलीकडे पूल आणि पैलतीर. ही सार्वजनिक जागा म्हणजे इथलं चौथं नाट्यगृह आहे, असं लॅस्डन मानत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते वास्तुरचनाकाराचं शब्दलालित्य वाटलं होतं. एक अख्खी दुपार तिथे बसून काढली आणि मत बदललं. एका टेबलावर दोन मुली संवाद पाठ करत होत्या. पलीकडे एक आजोबा वर्तमानपत्र उघडून शांत बसले होते. एक आई बाळाची गाडी पुढेमागे करत होती. लॅपटॉप उघडून बसलेले विद्यार्थी तर कितीतरी. यातल्या किती जणांकडे रात्रीचं तिकीट होतं कोण जाणे. कुणी कुणाला विचारलं नाही, मलाही नाही.

मग हळूहळू प्रयोगाची वेळ होत आली, गर्दी वाढली, आणि दुपारभर बसलेले आणि नाटकाला आलेले एकमेकांत मिसळले. मुद्दाम दार उघडून कुणाला आत घ्यावं लागलं नाही. ते आधीपासून आतच होते.

या दालनांत मोफत संगीत आणि प्रदर्शनं यांची परंपरा आहे. उन्हाळ्यात नदीसमोरच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम होतात. २००७ मध्ये दोन कलाकारांनी लिटल्टनच्या फ्लाय टॉवरच्या भिंतींवर चक्क गवत उगवलं होतं. राखाडी काँक्रीट काही आठवडे हिरवं झालं, आणि ते बघायला तिकीट लागत नव्हतं.

जाण्याआधी दालनांच्या वेळा तेवढ्या पाहून घ्या, त्या बदलतात.

पण हे खरंच ‘सर्वांचं’ आहे का? नाटक तर महागच असतं.

प्रश्न रास्त आहे. इमारत सरकारच्या आणि तेव्हाच्या ग्रेटर लंडन कौन्सिलच्या पैशातून उभी राहिली, आणि मंडळीला आजही सार्वजनिक अनुदान मिळतं. म्हणजे जो कधीच नाटकाला येत नाही त्याचाही पैसा यात आहे. त्याच्यासाठी काय केलं, हे विचारलंच पाहिजे.

काही पावलं नोंदवण्यासारखी आहेत. २००३ मध्ये ऑलिव्हिएमधल्या बहुतेक खुर्च्या एका हंगामासाठी १० पौंडांना ठेवल्या. ती योजना इतकी चालली की पुढे बरीच वर्षं सुरू राहिली. ‘कनेक्शन्स’ या उपक्रमात दर वर्षी तरुण नटसंचांसाठी नवी नाटकं लिहून घेतली जातात आणि देशभरातली शाळा-महाविद्यालयं ती बसवतात. २०१८ मध्ये ‘पब्लिक ॲक्ट्स’ सुरू झालं. निरनिराळ्या वस्त्यांतल्या संस्थांमधून आलेली दोनशेहून अधिक हौशी माणसं, मोजक्या व्यावसायिक नटांसोबत, थेट ऑलिव्हिएच्या रंगमंचावर उभी राहिली. छोट्या खोलीत नाही, बाजूच्या सभागृहात नाही, सर्वांत मोठ्या रंगमंचावर. माझ्या लेखी या उपक्रमाचं सगळं वजन तिथे आहे.

एवढ्याने दरी बुजली असं मी म्हणणार नाही. इमारत दार उघडं ठेवू शकते. आत येणाऱ्याला ही जागा आपली वाटण्यासाठी मात्र तिथल्या माणसांनाच खपावं लागतं, आणि तेही दर वर्षी नव्याने.

पडद्यामागचं काही पाहता येतं का?

इथलं नेपथ्य बहुतांशी इथेच तयार होतं, इमारतीच्या मागच्या बाजूला. हॅवर्थ टॉम्पकिन्स या वास्तुरचना संस्थेने २०१५ च्या सुमारास पुरं केलेल्या सुमारे आठ कोटी पौंडांच्या नूतनीकरणात एक उंचावरचा मार्ग बांधला, ज्यावरून कारखान्यात चाललेलं काम खाली दिसतं. सुतार, रंगारी, अर्धवट उभ्या भिंती. नाटक म्हणजे मजुरीही आहे हे लहान मुलांना दाखवायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

एक प्रथा ऐकून ठेवा. नटांच्या रंगपटांच्या खिडक्या आतल्या एका चौकात उघडतात. नाटकाच्या पहिल्या रात्री सगळे नट, दुसऱ्या नाटकांतलेही, आपापल्या खिडक्यांशी येऊन तावदानांवर हातांनी ताल धरतात. रंगमंचावर निघालेल्यांना दिलेला हा निरोप. तीन प्रेक्षागृहांचे रंगपट एकाच चौकाभोवती आहेत म्हणून हे जमतं. आराखड्यातल्या एका रेघेतून अशी प्रथा जन्माला येते.

इमारतीत पुढे बदल केले, ते योग्य होते का?

काही हो, काही वादाचे. १९९० च्या दशकाच्या शेवटी प्रवेशाच्या भागात आणि बाहेरच्या चौकात केलेले फेरफार खुद्द लॅस्डन यांना पटले नव्हते. नंतरच्या नूतनीकरणात मात्र मूळ विचाराचा मान राखलेला जाणवतो. नदीकाठच्या ज्या कोपऱ्यात पूर्वी कचऱ्याची आणि मालाची ये-जा होती, तिथे आता लोक बसतात. नदीकडे तोंड असलेली जागा कचऱ्याला देणं ही मूळ आराखड्यातली चूकच होती, आणि ती दुरुस्त झाली.

प्रवेश कुठून हे नवख्याला चटकन कळत नाही, ही खोड मात्र अजून आहे. जिन्यांमध्ये वाट चुकली तर स्वतःला दोष देऊ नका.

आपल्याकडच्या विषयांवरची नाटकं तिथे झाली आहेत का?

हो, आणि मोठ्या रंगमंचावर. मुंबई विमानतळाजवळच्या अण्णावाडी वस्तीतल्या माणसांवरचं नाटक २०१४ मध्ये ऑलिव्हिएत झालं. २०२२ मध्ये त्याच रंगमंचावर गांधीहत्या आणि नथुराम गोडसे या विषयावरचं नाटक आलं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा लावलं गेलं. ते लिहिलं होतं चेन्नईच्या लेखिका अनुपमा चंद्रशेखर यांनी.

लंडनला न जाता इथलं नाटक पाहता येईल का?

येईल. २००९ मध्ये हेलन मिरेन यांच्या भूमिकेच्या एका शोकांतिकेपासून प्रयोगांचं चित्रपटगृहांतून प्रक्षेपण सुरू झालं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही ही प्रक्षेपणं दाखवली गेली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत काही प्रयोग यूट्यूबवर मोफत ठेवले होते, आणि त्याच वर्षअखेर घरबसल्या वर्गणी भरून पाहण्याची सोय झाली. नाटक दिसतं, पण चौथं नाट्यगृह त्यात येत नाही.

माझ्याकडे एकच संध्याकाळ आहे. काय करू?

प्रयोगाच्या दोन तास आधी पोचा. वॉटर्लू पुलाच्या मध्यावर थांबून इमारत लांबून पाहा, मग पुलावरूनच गच्चीवर उतरा. पुलाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे दहा मिनिटं द्या. बाहेर हॅम्लेटच्या वेषातला ऑलिव्हिएंचा पुतळा आहे. आत जाऊन एखाद्या भिंतीवर हात ठेवा. चहा घ्या, नदीकडे तोंड करून बसा, माणसं बघा. तिकीट असेल तर घंटा झाली की आत जा. नसेल तर बसून राहा, कुणी उठवणार नाही.